संडास-मोरी धुताना ॲसिड, ब्लीच आणि फिनाईल यांची गाठ पडू न देता : क्रम, प्रमाण आणि नेहमीच्या चुका

ॲसिड ओतून घासलं, पिवळा डाग हलला नाही, म्हणून वरून ब्लीच ओतलं. बाथरूममधली गडबड बहुधा अशीच होते. मुद्दाम दोन बाटल्या कुणी एकत्र करत नाही. पहिलीने काम झालं नाही म्हणून दुसरी उघडली जाते, आणि तोवर पहिली भांड्यात, ब्रशात, लादीच्या सांध्यांत शिल्लक असते. त्यामुळे इथे भर क्रमावर आहे: कुठलं द्रव्य कधी वापरायचं, मध्ये किती पाणी आणि किती वेळ जाऊ द्यायचा, आणि चुकलंच तर पहिल्या मिनिटाला काय करायचं.

## टप्पा १ : सगळ्या बाटल्या बाहेर काढून गट पाडा

बेसिनखालचं कपाट, मोरीचा कोपरा, वॉशिंग मशीनमागची फट, गच्चीवर टाकीजवळ ठेवलेला डबा, सगळीकडचं काढून वर्तमानपत्रावर मांडा. नाव, रंग, वास यांवर जाऊ नका. एकाच कंपनीच्या जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांपैकी एकीत आम्ल आणि दुसरीत ब्लीच असू शकतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, ते वाचा आणि त्याप्रमाणे वाटणी करा.

१. आम्लं. संडासाचं भांडं धुण्याचा निळा किंवा हिरवा घट्ट द्रव (बहुतेकांत साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं), सुटं मिळणारं बाथरूमचं ॲसिड, क्षार काढायचे द्रव, गंजाचे डाग काढायचं ऑक्झॅलिक ॲसिड, व्हिनेगर, लिंबूसत्त्व.

२. क्लोरीनवाली. द्रव ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट (घरगुती बाटलीत साधारण ४ ते ६ टक्के). टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर. पिण्याच्या पाण्यात टाकायचे क्लोरीनचे थेंब. फ्लशच्या टाकीत सोडायच्या काही गोळ्या.

३. दाहक अल्कली. तुंबलेला पाइप मोकळा करायची पावडर, कॉस्टिक सोडा.

४. अमोनियावाली. काच पुसायचे काही द्रव, केसांचे काही रंग. आणि जी बाटलीत नसते म्हणून हमखास विसरली जाते ती लघवी.

५. बाकीची. सॅनिटायझर, सर्जिकल स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर, फिनाईल, लादी पुसायचे सुगंधी द्रव, हायड्रोजन पेरॉक्साइड.

आता रंगीत चिकटपट्टी घ्या. आम्लांना लाल, क्लोरीनवाल्यांना पिवळी. घरात नियम एकच सांगायचा: लाल आणि पिवळं एका दिवशी, एका खोलीत उघडायचं नाही. घटकांची नावं घरातल्या सगळ्यांना आणि कामाला येणाऱ्या मावशींना पाठ असण्याची गरज नाही. रंग सगळ्यांना कळतो.

सावधान : दारावर येणाऱ्याकडून घेतलेलं सुटं ॲसिड किंवा फिनाईल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवलेलं असेल, तर ते आजच हलवायचं. त्यात काय आहे, किती तीव्र आहे हे कळायला मार्ग नसतो, आणि तहानलेल्या माणसाला ती पाण्याची बाटलीच दिसते. ओळख पटवण्यासाठी वास घेऊन बघणं, थेंब टाकून बघणं असले प्रयोग करू नका. अनोळखी बाटली झाकण घट्ट लावून, वर 'विषारी' लिहून, घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या. संडासात ओतू नका. तिथे आधीपासून काय आहे, हाच तर प्रश्न आहे.

## टप्पा २ : कोणती जोडी काय करते

आम्ल आणि ब्लीच. सगळ्यांत सहज घडणारी आणि सगळ्यांत वाईट जोडी. ब्लीचची बाटली मुद्दाम तीव्र अल्कधर्मी ठेवलेली असते. त्यामुळेच त्यातलं हायपोक्लोराइट बाटलीत टिकून राहतं. आम्ल पडलं की हा आधार जातो आणि क्लोरीन वायू सुटतो. क्लोरीन नाका-डोळ्यांच्या ओलाव्यात विरघळून तिथेच आम्लं तयार करतो. चरचर, ठसका, छाती आवळणं यांचं कारण हेच.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून हिशेब मांडतो. ४ फूट रुंद, ६ फूट लांब, ८ फूट उंच बाथरूममध्ये सुमारे ५,४०० लिटर हवा असते. ४ टक्क्यांच्या १०० मिली ब्लीचवर पुरेसं ॲसिड पडलं, तर कागदावर सव्वा लिटरच्या आसपास क्लोरीन निघतो, म्हणजे दहा लाख भाग हवेत २४० भाग. प्रत्यक्षात सगळा सुटत नाही, काही पाण्यात राहतो, काही बाहेर जातो. पण त्याचा विसावा हिस्सा जरी हवेत आला तरी आकडा १२ होतो, आणि जिवाला व प्रकृतीला तातडीचा धोका मानण्याची औद्योगिक मर्यादा १० आहे. शंभर मिली म्हणजे साधारण अर्धा पेला, एवढंच.

शिवाय क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड. तो खाली बसतो, लादीलगत पसरतो. भारतीय पद्धतीचं भांडं उकिडवं बसून घासताना तोंड जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, भांड्याच्या बरोबर वर असतं. उभ्या माणसाला नुसता वास येतो तेव्हा बसलेल्याला ठसका लागलेला असतो. एक्झॉस्ट फॅन मात्र छताजवळ.

व्हिनेगर आणि लिंबूसत्त्वसुद्धा यात मोडतात. 'नैसर्गिक' असल्याने त्यांना सूट नाही.

अमोनिया आणि ब्लीच. यातून क्लोरामाइन नावाचे वायू निघतात. त्यांचाही मारा डोळे, घसा आणि फुप्फुसांवरच. काच पुसायच्या द्रवापेक्षा आपल्या घरांत लघवीची शक्यता जास्त: अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं युरिन पॉट, बाळाचे लंगोट भिजवलेली बादली, मांजराच्या वाळूचा ट्रे. निर्जंतुक करायचं म्हणून यांत थेट ब्लीच ओतलं जातं आणि डोळे चुरचुरले की 'ब्लीच फार कडक आहे' असं म्हटलं जातं. आधी साध्या पाण्याने दोन-तीनदा खंगाळा, साबणाने धुवा, पुन्हा खंगाळा, आणि मगच पातळ केलेलं ब्लीच.

ब्लीच आणि स्पिरिट. सॅनिटायझर, सर्जिकल स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर यांच्याशी ब्लीचची गाठ पडली की क्लोरोफॉर्म आणि तत्सम क्लोरीनयुक्त विषारी संयुगं तयार होतात. ओटा आधी सॅनिटायझरने आणि लगेच ब्लीचने पुसू नका.

कॉस्टिक आणि आम्ल. इथे विषारी वायूपेक्षा उष्णतेचा प्रश्न मोठा. पाइपात आतल्या आत उकळी फुटते आणि दाहक द्रव कारंज्यासारखा वर येतो, वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर.

कॉस्टिक आणि ॲल्युमिनियम. हायड्रोजन वायू आणि भरपूर उष्णता. कॉस्टिक ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कालवू नका. पाइप मोकळे करायच्या काही पावडरींत ॲल्युमिनियमचे कण मुद्दाम घातलेले असतात. ती पावडर चालू असताना जवळ काडी पेटवू नये ती यासाठीच.

पेरॉक्साइड आणि व्हिनेगर. एका बाटलीत भरून ठेवलं की पेरॲसिटिक ॲसिड बनतं. ते त्वचा आणि श्वासनलिका दोन्ही भाजतं.

टीसीएल पावडर आणि तेलकट काहीही. ही पावडर रॉकेल, ब्रेक ऑइल, ग्लिसरीन यांच्या संपर्कात आली तर तापून पेट घेऊ शकते. जलतरण तलावासाठी मिळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या वेगळ्या रसायनाच्या असतात. त्यांच्या डब्यात टीसीएल किंवा तिच्या डब्यात त्या, असंही करू नका.

आणि दोन जोड्या नुसत्याच वाया जाणाऱ्या. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस रीलमध्ये छान दिसतो. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून उरतं ते जवळजवळ खारट पाणी. हे मिश्रण बाटलीत भरून झाकण लावलं, तर कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बाटली फुटते. दुसरी जोडी लादी पुसायच्या बादलीतली: थोडी धुण्याची पावडर, थोडा सुगंधी द्रव, वर झाकणभर ब्लीच. लादीच्या द्रवातलं जंतुनाशक बऱ्याचदा बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं. धुण्याच्या पावडरीतला साबणी घटक त्याला निकामी करतो आणि लादीवर चिकट थर राहतो. ब्लीच फिनाईलशी भिडलं तर जंतू मारण्याची ताकद तिथेच खर्च होते आणि उग्र, घशाला लागणारा वास सुटतो. तीन वस्तू घालून एकीचंही काम मिळत नाही.

## टप्पा ३ : काम सुरू करण्याआधी

१. आज लाल दिवस की पिवळा, ते ठरवा. दुसऱ्या रंगाच्या बाटल्या बाथरूमबाहेर, दुसऱ्या खोलीत ठेवा. नुसत्या बाजूला सरकवून उपयोग नाही. 'जात नाहीये' असं वाटतं त्या क्षणी हाताशी जे असेल तेच उचललं जातं.

२. फ्लशची टाकी उघडून बघा. पाणी निळं करणारी गोळी किंवा भांड्याच्या कडेला अडकवलेली वडी असेल, तर तिचं वेष्टन शोधा. काही गोळ्या क्लोरीनच्या असतात. तसं असेल तर भांड्यात येणारं प्रत्येक पाणी पातळ ब्लीचच आहे, आणि त्यात भांड्याचं ॲसिड ओतलं की जोडी जमली. गोळी काढा, टाकी तीन-चारदा रिकामी करा, आणि त्या दिवशी ॲसिड वापरूच नका.

३. ब्रशचा स्टँड रिकामा करा. ही जागा कुणी बघत नाही. परवाच्या ॲसिडचं पाणी स्टँडच्या तळाशी साचलेलं असतं, ब्रश त्यात उभा असतो, आणि आज तोच ब्रश ब्लीचमध्ये बुडतो. ब्रश आणि स्टँड दोन्ही आधी वाहत्या पाण्याखाली धुवा. जमलं तर दोन रंगांना दोन ब्रश. पन्नास-शंभर रुपयांत सुटणारा प्रश्न आहे.

४. दार उघडं, खिडकी उघडी, फॅन चालू. दार अंगावर येतं म्हणून किंवा पाणी बाहेर उडतं म्हणून ते लावून घेऊन काम करायचं नाही.

५. रबरी हातमोजे, बंद चप्पल किंवा गमबूट, चष्मा. मास्कच्या भरवशावर राहू नका. कापडी, सर्जिकल किंवा एन-९५ यांपैकी कुठलाच मास्क वायू अडवत नाही. तोंडाला बांधलेला ओला रुमालही नाही.

६. दोन बादल्या साधं पाणी भरून ठेवा. नळाचं पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर पाणी भरून झाल्याशिवाय बाटली उघडू नका.

तपासा : खाली लादी कुठली आहे? शहाबादी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर हे सगळे चुनखडीच्या कुळातले दगड. आम्ल पडताच त्यांवर फेस येतो. तो फेस मळाचा समजून लोक खूश होतात, पण विरघळत असतो तो दगड. एकदा चकाकी गेलेला खडबडीत दगड पुढे मळ जास्त धरतो आणि मग आणखी ॲसिड लागतं. शहाबादीच्या मोरीला आम्ल नको. बादलीभर गरम पाण्यात दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि खराटा, एवढंच.

## टप्पा ४ : लाल दिवस, म्हणजे क्षार आणि पिवळे डाग

क्रमाने आम्ल आधी आणि ब्लीच नंतर, पण वेगळ्या दिवशी. कारण साधं आहे. बोअरच्या पाण्याने भांड्याला आणि टाइल्सना क्षाराचा थर चढतो आणि त्या थराच्या खडबडीत अंगाखाली घाण दडते. थर तसाच ठेवून ब्लीच लावलं तर ते वरवर पांढरं करतं. दोन दिवसांनी डाग परत दिसतो आणि 'ब्लीच चालत नाही' म्हणून ॲसिड येतं. उलट्या क्रमाचा परिणाम.

संडासाचं भांडं

१. आधी एकदा फ्लश करा किंवा एक बादली पाणी ओता. भांड्यात लघवी किंवा दुसरं काही राहायला नको.

२. कमोड असेल तर ब्रशने दाबून भांड्यातलं पाणी आत ढकला. साचलेल्या पाण्यात द्रव पातळ होतो आणि डागाला लागतच नाही.

३. कडेच्या आतून गोल फिरवत ८० ते १०० मिली द्रव सोडा. ओतून लगेच घासू नका. १५ मिनिटं द्या, आणि तेवढा वेळ खोलीबाहेर थांबा.

४. आत येऊन ब्रशने घासा. तोंड बाजूला ठेवा, शिंतोडे उडतील असे झटके देऊ नका. भारतीय भांड्याला लांब दांड्याचा ब्रश घ्या, म्हणजे उकिडवं बसावं लागत नाही.

५. झाकण लावून दोनदा फ्लश. भारतीय भांड्याला दोन बादल्या पाणी.

डाग राहिला? उद्या तेच द्रव पुन्हा. आज दुसरं काही नाही. वर्षानुवर्षांचा थर एका दिवसात निघत नाही. रोज एकदा असं तीन-चार दिवस केलं की सुटत जातो.

टाइल्स आणि नळ

यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरायचं कारण नाही. त्याच्या वाफेनेच नळाचं क्रोम काळं पडतं आणि स्टीलवर डाग येतात. एक लिटर कोमट पाण्यात २५ ते ३० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. नळाला या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा, मग पुसून धुवा. टाइल्सना लावण्याआधी भिंत साध्या पाण्याने ओली करून घ्या. कोरडे सिमेंटचे सांधे आम्ल शोषून घेतात आणि भुसभुशीत होतात. ओले सांधे कमी शोषतात.

सुटं ॲसिड पातळ करायची वेळ आलीच, तर आधी बादलीत पाणी, मग त्यात ॲसिडची बारीक धार. ॲसिडमध्ये पाणी ओतायचं नाही. बादली प्लॅस्टिकची हवी.

तपासा : काम झाल्यावर भिंत, लादी, भांडं, ब्रश, ब्रशचा स्टँड आणि हातमोजे यांवरून पाणी गेलं का? नहाणी ट्रॅपच्या जाळीवरही एक बादली ओता. ट्रॅपमध्ये पाणी साचून राहतं, आणि ते साचलेलं पाणी आत्ता आम्लाचं आहे.

## टप्पा ५ : पिवळा दिवस, म्हणजे जंतू आणि काळी बुरशी

लाल दिवसानंतर किमान एक रात्र मध्ये जाऊ द्या.

१. भांडं, लादी, बादली साबणाच्या पाण्याने धुऊन खंगाळून घ्या. घाण तशीच असेल तर ब्लीच घाणीवरच खर्च होतं.

२. द्रावण तयार करा. रोजच्या पुसण्यासाठी ०.१ टक्का पुरतं: ४ टक्क्यांचं ब्लीच असेल तर एक लिटर पाण्याला २५ मिली, ५ टक्क्यांचं असेल तर २० मिली. खोकल्याच्या औषधाचं माप यासाठी बरं, पण नंतर ते औषधाकडे परत जाता कामा नये. टीसीएल पावडर ताजी, ३३ टक्के क्लोरीनची असेल तर लिटरला ३ ग्रॅम. वजन करून घ्या, चमचे फसवतात. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवा, मग उरलेलं पाणी घाला, गाळ खाली बसू द्या आणि वरची निवळी वापरा. गाळात चुना असतो, तो लादीवर पांढरा उमटतो.

३. पाणी थंड घ्या. गरम पाण्यात ब्लीच लवकर निकामी होतं आणि वासही जास्त सुटतो. गीझरचं पाणी घातल्यावर वास जास्त येतो म्हणून ते जास्त चाललं असं वाटतं, प्रत्यक्षात ताकद हवेत जात असते.

४. फडक्याने किंवा मॉपने लावा. स्प्रेच्या बाटलीत भरू नका, बारीक थेंब श्वासातून थेट आत जातात.

५. १० मिनिटं ओलं राहू द्या, मग पाण्याने धुवा. लावून लगेच पुसलं तर जंतूंना फक्त वास दिला.

पावसाळ्यात टाइल्सच्या सांध्यांत धरणाऱ्या काळ्या बुरशीला थोडं तीव्र चालतं: १०० मिली ब्लीचला ९०० मिली पाणी. जुन्या टूथब्रशने सांध्यात लावा, १० मिनिटांनी धुवा. पेला पेला ओतू नका.

केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. उरलेलं भरपूर पाण्याबरोबर सोडून द्या, आणि तेही संडासात आज आम्ल गेलेलं नाही याची खात्री करून.

सावधान : तिखट, नाक झोंबणारा वास अचानक वाढला, डोळ्यांतून पाणी आलं, खोकला सुरू झाला तर 'एवढं घासून होऊ दे' असं म्हणू नका. थेट टप्पा ८ कडे.

## टप्पा ६ : तुंबलेला पाइप

इथे एकामागून एक रसायनं ओतली जातात, कारण पाणी जात नाही हे समोर दिसत असतं. शिवाय पाणी जात नाही म्हणजे ओतलेलंही तिथेच राहतं. प्रत्येक नवी बाटली मागच्या सगळ्यांना भेटते.

१. आधी हाताने. जाळी काढा, नहाणी ट्रॅपची वाटी उचला, टोक वाकवलेल्या तारेने केसांचा गुंता ओढा. बेसिनखाली बॉटल ट्रॅप असेल तर खाली बादली ठेवून त्याचा तळ फिरवून उघडा. बहुतेक वेळा काम इथेच संपतं.

२. मग रबरी पंप. बेसिनचं वरचं भोक ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर दाब तिथूनच निघून जातो. आधी रसायन टाकलेलं असेल तर पंप मारू नका, ते उडून अंगावर येतं.

३. हे जमलं नाही आणि पाणी हळू का होईना उतरत असेल, तरच पाइप मोकळा करायची पावडर. पाकिटावर लिहिली तेवढीच, आणि पाणी साधं. कॉस्टिक पाण्यात विरघळताना इतकं तापतं की वरून गरम पाणी ओतलं तर उसळून बाहेर येतं. चेहरा भोकावर नको. दिलेली वेळ झाली की भरपूर पाणी.

४. तरीही तुंबलेलं असेल तर थांबा. दुसरं पाकीट नको, ॲसिड तर नकोच. प्लंबरला बोलवा आणि पाइपात काय काय टाकलंय ते दारातच सांगा. तो उघड्या हातांनी ट्रॅप खोलणार असतो.

## टप्पा ७ : ठेवणं आणि टाकून देणं

लाल आणि पिवळं एका कपाटात नको. ॲसिडच्या बाटलीचं झाकण कितीही घट्ट केलं तरी थोडी वाफ सुटतेच. बेसिनखालच्या कपाटातल्या बिजागऱ्या गंजतात त्या तिच्यामुळे. वेगळं कपाट नसेल तर दोन वेगळे प्लॅस्टिकचे टब, आणि ॲसिडचा टब सर्वांत खाली, म्हणजे गळलं तरी कशावर पडणार नाही.

टीसीएल पावडर कोरड्या, हवेशीर जागी, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात. पत्र्याचा डबा गंजून जातो. ओल लागली की पावडरीचे गोळे होतात, क्लोरीन उडत राहतो आणि घट्ट डबा उघडताना भपकारा येतो. म्हणून डबा उघडताना तोंड लांब, आणि उघड्यावर. वर्षभर पडून राहिलेल्या पावडरीवर प्रमाणाचा हिशेब लावू नका, ताकद बरीच उतरलेली असते.

अर्धी उरलेली बाटली दुसऱ्या अर्ध्या बाटलीत रिकामी करू नका, लेबल सारखंच दिसत असलं तरी. रिकाम्या बाटल्या तीन वेळा पाण्याने खंगाळून मगच कचऱ्यात द्या. घंटागाडीतही लाल-पिवळ्याची गाठ पडते, आणि तिथे हात घालणारा माणूस तुमच्या घरातला नसतो.

## टप्पा ८ : मिसळलंच तर

१. हातातलं टाका आणि बाहेर या. फ्लश करायला, बादली ओतायला, बाटली उचलायला थांबू नका. उपाय म्हणून सोडा, साबण, लिंबू काहीही वर ओतू नका, ती तिसरी बाटली ठरते.

२. बाथरूमची खिडकी बाहेर उघडत असेल तर आतलं दार ओढून घ्या. फॅनचं बटण बाहेर असेल तर लावा. बाकी घराच्या खिडक्या उघडा आणि सगळ्यांना बाहेर काढा. वायू जमिनीलगत असतो, त्यामुळे रांगतं मूल आणि पाळीव प्राणी आधी.

३. आत कुणी कोसळलं असेल तर एकामागून एक आत धावू नका. वाचवायला गेलेलाही तोच वायू घेतो. ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१.

४. अंगावर उडालं असेल तर कपडे काढून वाहत्या पाण्याखाली १५ ते २० मिनिटं. डोळ्यांत गेलं असेल तर लेन्स काढा आणि पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ पाण्याची हलकी धार. आम्ल उडालं म्हणून सोडा, अल्कली उडाली म्हणून लिंबू, असे उतारे नकोत. पोटात गेलं असेल तर ओकारी काढू नका, वर येताना ते पुन्हा भाजतं. तोंड खंगाळून थेट रुग्णालय.

५. धाप लागणं, छातीत घरघर, न थांबणारा खोकला, ओठ निळसर होणं यांपैकी काहीही दिसलं तर १०८. दम्याचे रुग्ण, लहान मुलं, गर्भवती आणि वयस्क यांच्या बाबतीत त्रास कमी वाटला तरी डॉक्टरांना दाखवा. विषबाधेविषयी सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक आहे. जाताना बाटल्यांचे फोटो न्या, बाटल्या नकोत.

६. मोकळ्या हवेत दहा मिनिटांत बरं वाटलं म्हणजे संपलं असं नाही. फुप्फुसांत पाणी साचायला काही तास लागू शकतात. जोराचा ठसका लागून गेलेल्या माणसाला पुढचे २४ तास एकटं सोडू नका. त्या दिवशी जिना, व्यायाम आणि सिगारेट बंद. झोपल्यावर धाप लागली तर सकाळची वाट बघू नका.

७. खोली निदान तासभर मोकळी राहू द्या. वास पूर्ण गेल्यावर दारातूनच तीन-चार बादल्या पाणी ओता, पुन्हा अर्धा तास थांबा, मग आत जाऊन बाटल्यांची झाकणं लावा. ब्रश आणि स्टँड फेकून द्या, तुटले नसले तरी. त्या दिवशी संडासात फक्त पाणी.